केराचा आठवडा : परदेशातले पहिले चार महिने

(ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोलणं आहे तसंच ठेवलं आहे.)



आज मी असोद्यातून बोलतोय. सुट्टीवर घरी आलोय. आवाज नीट यावा म्हणून पंखा बंद केलाय, आणि मे महिन्यात जळगाव जिल्ह्यात पंखा बंद करणं म्हणजे काय, ते इथल्या माणसांना सांगायला नको. त्यामुळे मध्येच थांबलो तर समजून घ्या, घाम पुसतोय.

असोदा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जळगाव शहरापासून सायकलवर जाता येईल इतक्या अंतरावर आमचं गाव आहे. बहिणाबाई चौधरींचं हे माहेर. त्यांचा जन्म इथला, १८८० चा. बहिणाबाईंकडे मी नंतर परत येणार आहे, त्यामुळे हे लक्षात ठेवा.

विषय असा की गेल्या दोन महिन्यांत बऱ्याच जणांचे मेसेज आले. कुणी सप्टेंबरमध्ये मास्टर्ससाठी निघालंय, कुणाला नोकरीचं पत्र आलंय. सगळे विचारतात, कुकर न्यायचा का, मसाला किती न्यायचा, लोकरीचे कपडे इथून घ्यायचे की तिथून. या यूट्यूबवर शंभर ठिकाणी मिळतील अशा गोष्टी आहेत. एका मुलाने मात्र वेगळं विचारलं. तो म्हणाला, "दादा, पहिल्यांदा गेल्यावर तुला कसं वाटलं, ते खरं सांगशील का?" आजचा भाग त्याच्यासाठी.

खरं सांगायचं तर चौथ्या महिन्यात मी राजीनाम्याचा ईमेल लिहून ड्राफ्टमध्ये ठेवला होता.

मी ऑक्टोबर २०२२ मध्ये जर्मनीला गेलो, स्टुटगार्टला. पुण्यात बीटेक झालं, तिथेच साडेतीन वर्षं नोकरी केली, मग तिकडची ऑफर आली. पहिले दोन-तीन आठवडे भारीच गेले. ट्राममध्ये बसलो की आईला व्हिडिओ. पिवळी पानं पडली की फोटो. रिकामी प्लास्टिकची बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की पंचवीस सेंट परत मिळतात, याचा तर मी सोळा जणांना व्हिडिओ पाठवला होता.

हे सगळ्यांचंच होतं. कालेर्वो ओबर्ग नावाचे एक मानववंशशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९५४ साली ब्राझीलमध्ये रिओला तिथल्या परदेशी मंडळींसमोर कल्चर शॉकवर भाषण दिलं, आणि तो शब्द तिथून पुढे सगळीकडे रुळला. त्यांचं म्हणणं असं की सुरुवातीला नवलाई असते, मग घसरण होते, मग हळूहळू माणूस सावरतो आणि शेवटी रुळतो. पण मला त्यांचं दुसरं म्हणणं जास्त पटलं. ते म्हणतात की त्रास मोठ्या गोष्टींचा होत नाही. रोजच्या व्यवहारातल्या बारीक खुणा हरवतात, त्याचा होतो. कुणाला कधी नमस्कार करायचा, कुणाचं बोलणं थट्टा आहे आणि कुणाचं रागाचं, कधी हो म्हणायचं, कधी नाही. आपल्या गावात हे आपण विचार न करता करतो. तिकडे प्रत्येक गोष्टीला विचार करावा लागतो, आणि संध्याकाळपर्यंत माणूस त्यानेच थकतो.

माझी घसरण सुरू झाली ती एका पाटीपासून.

नोव्हेंबरमधली गोष्ट. ऑफिसातून घरी आलो तर दाराच्या मुठीला एक छोटी लाकडी पाटी लटकलेली. त्यावर एकच शब्द, 'केरवोखं'. मला वाटलं कसली तरी जाहिरात असेल, किंवा चुकून माझ्या दाराला लावली असेल. मी ती काढून समोरच्या दाराला अडकवली. दुसऱ्या दिवशी पाटी परत माझ्या दाराला. मी पुन्हा काढली आणि जिन्यातल्या खिडकीत ठेवून दिली.

शनिवारी खालच्या मजल्यावरच्या आजीबाई जिन्यात भेटल्या. पंच्याहत्तरीच्या असतील. त्यांनी पाटी हातात घेतली, माझ्याकडे बोट केलं, मग पायऱ्यांकडे बोट केलं आणि भराभर काहीतरी बोलल्या. मला त्यातला एकच शब्द कळला, तो म्हणजे 'साफ करणे'.

आता माझ्या डोक्यात काय आलं ते जसंच्या तसं सांगतो. सावळा माणूस दिसला की यांना झाडूवालाच दिसतो. बीटेक करून, घरच्यांचे पैसे घालून मी यांचे जिने झाडायला आलोय का? रात्री जळगावच्या मित्राला फोन केला. तो म्हणाला, "तिकडे असंच असतं भाऊ." तो आयुष्यात कधी मुंबईच्या पलीकडे गेलेला नाही. पण त्याने दुजोरा दिला आणि माझं मत पक्कं झालं.

पुढच्या आठवड्यात काय पाहिलं? वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात. ते गृहस्थ शनिवारी सकाळी गुडघ्यावर बसून त्यांच्या मजल्याच्या पायऱ्या पुसत होते. आणि ती पाटी त्यांच्या दाराला होती. तरी माझं मत बदललं नाही बरं का! मला वाटलं, यांना हौस असेल.

केरवोखं म्हणजे काय, हे मला खूप उशिरा कळलं. केर म्हणजे झाडणं आणि वोखं म्हणजे आठवडा. योगायोग बघा, आपण केर काढतो आणि तेही केरच काढतात. स्टुटगार्ट आणि आजूबाजूच्या श्वाबेन भागातली ही जुनी रीत आहे. इमारतीत राहणाऱ्या प्रत्येक घराने पाळीपाळीने जिना झाडायचा, पुसायचा. पाळी ज्याची, पाटी त्याच्या दाराला. मोठी पाळी असेल तर तळघर, अंगण, समोरचा फुटपाथ, थंडीत बर्फ काढणं हेही आलं. डॉक्टर असो, ड्रायव्हर असो, सगळ्यांना लागू. हे सगळं माझ्या भाडेकरारात लिहिलेलं होतं. चौदा पानांचा करार मी मोबाईलमधून भाषांतर करून वरवर वाचला आणि सही ठोकली होती.

तेव्हा मात्र मला फक्त अपमान दिसत होता. आणि एकदा तो चष्मा लागला की सगळीकडे तोच दिसतो.

ऑफिसात कोड रिव्ह्यू असायचा. पुण्यात आमचे सीनियर लिहायचे, "हे छान आहे, फक्त एवढं बघून घेशील का?" इथे सहकाऱ्याने सरळ लिहिलं, "हे चूक आहे." पुढे मागे काही नाही. मी दिवसभर तेवढंच वाचत बसलो. संध्याकाळी तोच माणूस हसत हसत विचारतो, "कॉफी घेणार?" मला कळेना की हा माझा मित्र आहे की शत्रू.

मग एक खरी चूक झाली, माझ्याकडून. टीम लीडने विचारलं, "शुक्रवारपर्यंत होईल का?" मी म्हणालो, "हो." माझ्या मनातला हो कसला होता? आपल्याकडे काका विचारतात, "येतोस ना लग्नाला?" आणि आपण म्हणतो, "हो, पाहू." त्याचा अर्थ दोघांनाही माहीत असतो. शुक्रवारी काम झालं नाही. तो रागावला नाही, पण खरंच गोंधळला होता. म्हणाला, "होणार नव्हतं तर हो का म्हणालास? नाही म्हणाला असतास तर मी दुसरी सोय केली असती." त्याच्या हिशोबाने मी खोटं बोललो होतो. माझ्या हिशोबाने मी फक्त मान राखला होता.

आणि त्यात थंडी, अंधार. डिसेंबरच्या शेवटी स्टुटगार्टला सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि साडेचारला मावळतो. आमच्याकडे लहानात लहान दिवसही जवळपास अकरा तासांचा, तिथे सव्वाआठ तासांचा. म्हणजे ऑफिसला निघालो की अंधार, परतलो की अंधार. रविवारी दुकानं बंद, रस्ते सुनसान. असोद्यात रविवारी घरात माणूस मावत नाही. तिथे शनिवारी संध्याकाळी दार लावलं की सोमवारी सकाळपर्यंत माझ्या तोंडून एक शब्द निघायचा नाही. दही-ब्रेड खायचो. भांडी तशीच पडलेली. घरी मात्र फोनवर सगळं मस्त. राजवाड्यासमोरच्या चौकातले जुने फोटो नवीन म्हणून पाठवायचो. खोटं सांगणं सोपं होतं, कारण खरं सांगायला शब्दच नव्हते. काय सांगणार? मला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, पगार वेळेवर होतोय. मग रडतोस कशाला?

जानेवारीत राजीनाम्याचा ईमेल लिहिला. पाठवला नाही, पण रोज उघडून वाचायचो.

अशातच एका शनिवारी सकाळी आठला आईला व्हिडिओ कॉल केला. आपल्याकडे साडेबारा वाजले होते. आई म्हणाली, "तुझ्याकडे आजून रात्रच आहे का?" मी म्हटलं, "नाही, सकाळ झालीय, इथे असंच असतं." ती थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "तुझ्यामागे ती कढई दिसते ना, ती मागच्या शनिवारी पण तिथेच होती. तशीच."

मी काही बोललो नाही. ती फोन घेऊन गच्चीवर गेली, म्हणजे आप्पांना ऐकू जाऊ नये म्हणून. आणि मग मी सगळं सांगितलं. पाटी, आजीबाई, कोड रिव्ह्यू, दही-ब्रेड, राजीनामा. मला वाटलं ती म्हणेल, ये बाबा परत. किंवा म्हणेल, एवढा खर्च केला, आता टिकून राहा. तिने दोन्ही म्हटलं नाही. ती म्हणाली, "मले दोन वर्षं लागली होती."

मी विचारलं, "कशाला?"

"इथे यायला."

मंडळी, माझ्या आईचं माहेर धुळे जिल्ह्यातलं, शिंदखेडा तालुक्यातलं. असोद्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटर. १९९३ साली लग्न होऊन ती इथे आली. बाहेरच्या माणसाला वाटतं, खान्देश म्हणजे सगळं एकच. पण तिच्या माहेरी अहिराणी, आणि असोद्याकडे आमची लेवा, तावडी वळणाची बोली. ती 'आहे'ला 'शे' म्हणायची. घरातल्या, शेजारच्या बायका हसायच्या. वाईट म्हणून नाही, गंमत म्हणून. पण तिने हळूहळू बोलणंच बंद केलं. हो आणि नाही, एवढंच. पहिले सहा महिने. भाकरी थापायला बसली तर इथल्या कळण्याच्या पिठाचा हाताला अंदाज नाही, भाकरी तुटायची. आणि लग्नात तिचं नाव बदललेलं. नव्या नावाने कुणी हाक मारली की ती वळायचीच नाही. लोकांना वाटायचं, सून गर्विष्ठ आहे.

ही गोष्ट मी सत्तावीस वर्षांत ऐकली नव्हती. मी कधी विचारलीच नव्हती.

मी तिच्याजवळ तक्रार केली होती की ऑफिसात माझं नाव कुणाला नीट म्हणता येत नाही. त्यावर ती एवढंच म्हणाली, "तुले तुझं नाव तरी आहे."

तेव्हा मला बहिणाबाई आठवल्या. शाळेत धडा होता, गावात त्यांचं नाव रोज ऐकतो, आता तर जळगावच्या विद्यापीठालाही त्यांचंच नाव आहे. पण मी त्यांच्याकडे कधी असं पाहिलं नव्हतं. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या असोद्याहून जळगावला चौधरींच्या घरी गेल्या. अंतर किती? आज रिक्षाने वीस मिनिटं. पण तेवढ्या अंतरासाठी माहेर हा शब्द आयुष्यभर पुरला. लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी उतरवून घेतल्या, आणि आचार्य अत्र्यांमुळे १९५२ साली पुस्तक आलं, त्या गेल्यानंतर.

म्हणजे बघा, आपल्या घरातल्या जवळजवळ प्रत्येक बाईने हे केलेलं आहे. नवी बोली, नवं स्वयंपाकघर, नवे नियम, नवं नाव, आणि परतीचं तिकीट नाही. ओबर्ग साहेबांनी शब्द रुळवला १९५४ मध्ये. आपल्याकडे त्याला सासर म्हणत होते. घरातून परदेशी जाणारा मी पहिला, असं गावात सगळे म्हणायचे. मीही छाती फुगवून ऐकायचो. तसा मी पहिला नव्हतोच. मी फक्त घरातला पहिला पुरुष होतो.

आईला मी विचारलं, "मग तू काय केलंस?" ती म्हणाली, समोरच्या घरातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी पापड लाटायला बोलावलं. तिथे बोलावं लागत नव्हतं. हात चालत होते. चार दिवस पापड लाटले, मग शेवया केल्या, आणि कधी बोलायला लागले ते कळलंच नाही. "आधी कुणाच्या तरी कामाला हात लाव. बोलणं मागून येतं."

आणि मग तिने विचारलं, "त्या आजीबाईंचा जिना झाडला का तू?"

"नाही."

"मग झाड." आणि हसली. म्हणाली, "घरात कधी झाडू हातात घेतला नाहीस ना, म्हणून राग आला तुले. त्या बाईचा नाही, झाडूचा राग आला."

हे खरं होतं. मी चिडून गप्प बसलो, कारण ते खरं होतं. आमच्या घरात पहाटे अंगण झाडणं, सडा घालणं ही आईची कामं. बावीस वर्षं मी तिला वाकून झाडताना पाहिलं आणि मला त्यात कुणाचा अपमान दिसला नाही. माझ्या दाराला पाटी लागली आणि लगेच दिसला.

त्याच दिवशी खाली गेलो, आजीबाईंचं दार वाजवलं. तोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, मला माहीत नव्हतं, माफ करा, कसं करायचं ते दाखवा. त्या दोन मिनिटं बघत राहिल्या. मग आतून बादली घेऊन आल्या. आधी कोरडं झाडायचं, वरून खाली. मग ओल्या फडक्याने पुसायचं, कठडासुद्धा. मी केलं. त्यांनी येऊन पाहिलं आणि बोटाने दाखवलं, कोपरे राहिले. रात्री आईला व्हिडिओ पाठवला. तिचा रिप्लाय, "कोपरे सोडलेस." स्टुटगार्ट आणि असोदा, दोन बायका, एकच शेरा.

पुढच्या आठवड्यात बर्फ पडला आणि फुटपाथ मोकळा करायला आम्ही दोघं उतरलो. आजीबाई अस्सल श्वाबेन. त्यांचं जर्मन माझ्या क्लासमधलं नव्हतंच. तिकडे लोक लाडाने शब्दाच्या शेवटी 'ले' लावतात. घर म्हणजे हाउस, ते होतं हॉयसले. थोडंसं म्हणजे बिस्सले. मला हसूच आलं, कारण आमच्याकडे मले, तुले. आणि त्याबरोबर एक जुनी गोष्टही आठवली.

पुण्यात कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात मी सहज "मले दे" म्हणालो होतो. पुढचे दोन महिने मला हॉस्टेलवर 'मले' म्हणून हाक मारायचे. मी काय केलं? तो शब्द गिळून टाकला. घरी फोन करतानाही खोलीबाहेर जाऊन बोलायचो. माझा पहिला कल्चर शॉक पुण्यातला होता, जर्मनीतला नाही. आणि त्यावर मी उपाय काढला होता तो लपण्याचा. स्टुटगार्टमध्येही मी तेच करत होतो.

त्यानंतर मी एक वही केली. आम्ही सॉफ्टवेअरवाले बग रिपोर्ट लिहितो, त्यात एक शिस्त असते. स्क्रीनवर काय दिसलं ते वेगळं लिहायचं आणि आपल्या मते कारण काय ते वेगळं. दोन्ही एकत्र केलं की माणूस भलतीकडेच शोधत बसतो. तसे मी वहीत दोन रकाने पाडले. डावीकडे 'काय घडलं', उजवीकडे 'मला काय वाटलं'. तारीख घालायची. आणि तीन महिन्यांनी परत वाचायचं.

डावीकडे : दाराला पाटी लावली. उजवीकडे : मला नोकर समजतात.

डावीकडे : रिव्ह्यूमध्ये 'चूक आहे' लिहिलं. उजवीकडे : माझ्यावर राग आहे.

डावीकडे : आजीबाईंशी मी 'डू' म्हणून बोललो, त्यांचा चेहरा पडला. उजवीकडे : यांना परदेशी माणूस नकोच. आता 'डू' म्हणजे तू आणि 'झी' म्हणजे तुम्ही. ऑफिसात सगळे डू म्हणतात म्हणून मी त्यांनाही म्हणत होतो. म्हणजे असोद्यात कुणी अनोळखी पोरगा येऊन माझ्या आजीला म्हणाला असता, "काय गं, कशी आहेस?" इंग्रजी बोलणाऱ्याला हे कळायला वेळ लागेल, पण तू आणि तुम्ही घेऊन जन्मलेल्या मराठी माणसाला कळायला नको?

एप्रिलमध्ये वही वाचली तर बऱ्याच ओळींत उजवा रकाना चुकला होता. पण सगळ्या नाही, आणि हे मला स्पष्ट सांगायचंय. एक ओळ अशी होती : घर बघायला फोन केला, नाव सांगितलं, म्हणाले घर गेलं. त्याच संध्याकाळी माझ्या जर्मन सहकाऱ्याने त्याच नंबरवर फोन केला, त्याला भेटीची वेळ मिळाली. या ओळीचा उजवा रकाना मी आजही खोडलेला नाही. "तुझाच गैरसमज असेल" असं कुणी प्रत्येक वेळी म्हणत असेल तर ऐकू नका. वहीचा फायदा हा की सगळंच वाईट असंही होत नाही आणि सगळंच माझ्या मनाचे खेळ असंही होत नाही.

पंडिता रमाबाईंचं अमेरिकेवरचं पुस्तक आहे, 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त'. त्या १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला पोचल्या, मग अडीच वर्षांहून जास्त तो देश फिरल्या, आणि पुस्तक आलं १८८९ मध्ये. तिथली मुलींची शाळा-कॉलेजं, बायकांच्या संस्था यांचं त्यांनी मनापासून कौतुक केलं, आणि तिथल्या वर्णभेदावर बोटही ठेवलं. दोन्ही एकाच पुस्तकात. मी पहिल्या महिन्यातच मित्राला जर्मनीवर निकाल देऊन मोकळा झालो होतो.

आणि आनंदीबाईंचीही गोष्ट विसरू नका. अठराव्या वर्षी तिकडे गेल्या, थंडी, परकं अन्न, आजारपण, आणि पदवी घेऊन परतल्यावर काही महिन्यांत, १८८७ मध्ये गेल्या. वय एकवीस. म्हणजे हे सगळं नुसतं मनाचं नसतं, शरीराचंही असतं.

आता निघणाऱ्यांसाठी चार गोष्टी.

पहिली, शक्यतो थंडीत कुठलाच मोठा निर्णय घेऊ नका. जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं उजेडात चाला. थंडी आहे म्हणून खिडकीत बसू नका. झोप, भूक बिघडली आणि महिना झाला तर डॉक्टरकडे जा. अपॉइंटमेंट मिळायला तिकडे वेळ लागतो, म्हणून अंगावर काढू नका.

दुसरी, घरातल्या एका माणसाला खरं सांगा. सगळ्यांना नको. एकाला. मी आईला तीन महिने आधी सांगितलं असतं तर राजीनाम्याचा तो ईमेल कदाचित लिहिलाच नसता.

तिसरी, 'नाही' म्हणायला शिका. 'पाहू' तिकडे चालत नाही.

चौथी, कुणाच्या तरी कामाला हात लावा. मराठी मंडळात गणपतीला जा, जरूर जा, मीही मोदक वळायला जातो. पण राहता त्या जिन्यात, त्या गल्लीतही एखादं काम धरा. भाषा क्लासमध्ये मिळते, पण बोलायला माणूस कामात मिळतो. मे २०२३ मध्ये तिकडे ४९ युरोंचं देशभर चालणारं तिकीट सुरू झालं, तेव्हा मी दर रविवारी बाहेर पडायला लागलो. पहिल्या रविवारी कुठे जायचं, ते आजीबाईंनीच कागदावर लिहून दिलं होतं.

तो ईमेल मी डिलीट केला नाही. अजून ड्राफ्टमध्ये आहे. परत यावंसं वाटलं तर येईन, त्यात कमीपणा नाही. फक्त उजवा रकाना तपासून येईन.

आता शेवटचं, आणि हे माझ्यावरच आहे. परवा दुपारी शेजारचे काका न सांगता आत आले, नेहमीसारखे. मी लॅपटॉपवर होतो. माझ्या तोंडून निघालं, "काका, फोन करून यायचं ना." काका हसले, पण लगेच उठले. आई स्वयंपाकघरातून बघत होती. काही बोलली नाही.

काल सकाळी मी काकांकडे गेलो. फोन न करता. त्यांच्या ओट्यावर बसून चहा प्यायलो. आणि आज पहाटे आमचं अंगण मी झाडलं. आप्पा म्हणाले, "हे काय नवीन?" आई म्हणाली, "केराचा आठवडा आहे त्याचा."

तर मंडळी, एवढंच. तुम्ही कुठे नवीन गेला असाल, परदेशात, पुण्यात, सासरी, कुठेही, तर त्या पहिल्या महिन्यातली एक ओळ मला पाठवा. काय घडलं आणि तुम्हाला काय वाटलं, दोन्ही. आणि घरी आई असेल तर तिला एकदा विचारा, तुला किती दिवस लागले होते.

आता मी पंखा लावतो. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.